यादीतला शेवटचा स्वल्पविराम

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह, राज्याभिषेक आणि राज्यक्रांत्या उभ्या राहतात. या एका वाक्यात मी चार गोष्टींची नावे घेतली. पहिल्या दोन नावांनंतर एकेक स्वल्पविराम दिला, तिसऱ्यानंतर दिला नाही, आणि वाचणाऱ्या कोणाचेही त्यावाचून अडले नाही. हेच वाक्य इंग्रजीत लिहिले तर मात्र ‘राज्याभिषेक’ या शब्दानंतर, म्हणजे ‘अँड’च्या आधी, स्वल्पविराम द्यावा की न द्यावा, या प्रश्नावर दोन पक्ष पडतात, आणि हे दोन पक्ष शंभराहून अधिक वर्षे परस्परांशी भांडत आले आहेत. एवढ्याशा आकड्यासाठी शहाण्या माणसांनी इतके का भांडावे, याचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या आकड्याच्या असण्या-नसण्यावर सरकारी खजिन्यातील लाखो डॉलर गेलेले आहेत, मजुरांना बुडालेली मजुरी परत मिळालेली आहे, आणि असल्याच एका प्रश्नाचा निकाल विरुद्ध गेल्यामुळे एक माणूस फासावरही चढला आहे. तेव्हा स्वल्पविरामाला इतिहास आहे, आणि तो केवळ व्याकरणाचा नाही.

प्रारंभ प्राचीन ग्रीसपासून करावा लागतो. ग्रीक आणि रोमन लेखक शब्दाला शब्द जोडून लिहीत. दोन शब्दांत अंतर नाही आणि वाक्याच्या शेवटी खूण नाही, अशी ती अखंड ओळ असे. ज्यांनी मोडीचे जुने कागद पाहिले असतील त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. इसवी सनापूर्वी सुमारे २०० वर्षे अलेक्झांड्रियाच्या सुप्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या अॅरिस्टोफनीस नावाच्या पंडिताने या अखंड ओळीत निरनिराळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत काढली. लहान तुकड्यानंतर एका उंचीवर, त्याहून मोठ्यानंतर दुसऱ्या आणि पूर्ण विधानानंतर तिसऱ्या. या तुकड्यांची ग्रीक नावे कॉमा, कोलोन आणि पीरिओडोस अशी होती. कॉमा म्हणजे कापलेला तुकडा. म्हणजे ज्याला आज आपण कॉमा म्हणतो ते मुळात चिन्हाचे नाव नव्हतेच. ते वाक्याच्या तुकड्याचे नाव होते, आणि पुढे तुकड्याचे नाव खुणेला चिकटले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हे ठिपके मोठ्याने वाचणाऱ्यासाठी होते. श्वास कोठे घ्यावा आणि आवाज कोठे उतरवावा, एवढेच ते सांगत. अर्थ लावण्याचे काम वाचकाचे, दम सांभाळण्याचे काम ठिपक्यांचे, अशी ही वाटणी होती. पुढे सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधील मठवासी लेखनिकांनी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत पाडली. लॅटिन ही त्यांची मायबोली नव्हती. परकी भाषा वाचताना शब्द ओळखू यावेत म्हणून ही सोय त्यांना करावी लागली. परक्याच्या अडचणीतून सर्वांची सोय निघते, असा अनुभव भाषेच्या इतिहासात वारंवार येतो. त्याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

मध्ययुगात अल्प विरामासाठी एक तिरकी रेघ वापरीत. तिला आजचे रूप मिळाले ते व्हेनिसच्या छापखान्यात. आल्डस मॅन्युटियस हा तेथील विद्वान मुद्रक. त्याने १४९६ साली पिएत्रो बेम्बो या तरुण लेखकाचे एटना पर्वताच्या चढणीवरील एक लहानसे पुस्तक छापले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने पाडलेल्या खिळ्यांत अर्धविरामाचाही खिळा होता. छापील पुस्तकात अर्धविरामाने प्रवेश केला तो येथे. तिरकी रेघही या मंडळींच्या हातून आखूड झाली, ओळीच्या तळाशी उतरली आणि थोडी वाकली. तोच आपला स्वल्पविराम. या आल्डसचा नातू, त्याचेही नाव आल्डसच, याने १५६६ साली विरामचिन्हांवर लिहिताना एक नवा विचार मांडला. विरामचिन्हांचे मुख्य काम वाक्याची रचना उघड करणे हे आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले. दम घेण्याच्या खुणा या दिवसापासून अर्थाच्या खुणा होऊ लागल्या. हा बदल वरवर लहान दिसतो, पण पुढची सारी भांडणे याच्याच पोटातून जन्मली. कारण दम कोठे घ्यावा यावर कोर्टकचेरी होत नाही. अर्थ कोणता घ्यावा यावर होते.

इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्याच्या पुस्तकांतून जुनी तिरकी रेघच दिसते. सोळाव्या शतकात तिची जागा स्वल्पविरामाने घेतली. बेन जॉन्सनसारख्या नाटककाराने इंग्रजी व्याकरण लिहिले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापून निघाले. त्यातही विरामचिन्हांचा विचार आहे. तथापि शाळाशाळांतून हे नियम नेण्याचे श्रेय लिंडली मरे या गृहस्थाला द्यावे लागेल. हा मूळचा अमेरिकेतला वकील. पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाला. तेथील एका मुलींच्या शाळेसाठी म्हणून त्याने लिहिलेले व्याकरण १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी जेथे जेथे शिकवली जाई तेथे तेथे पोहोचले. दोन नामे ‘अँड’ने जोडली असतील तर मध्ये स्वल्पविराम नको, नामांची रांगच असेल तर प्रत्येकानंतर हवा, असा त्याचा सर्वसाधारण कल. त्याच्या उदाहरणांत शेवटच्या ‘अँड’आधीही स्वल्पविराम दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न व्याकरणकारांच्या हातून मुद्रकांच्या हाती गेला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचा नियंत्रक होरेस हार्ट याने आपल्या जुळाऱ्यांसाठी आणि मुद्रितशोधकांसाठी १८९३ साली नियमांची एक छोटी पुस्तिका काढली. ती केवळ छापखान्यातल्या वापरासाठी होती. पण बाहेरचे लोकही ती मागू लागले, तेव्हा १९०४ साली ती विक्रीस आली. तीन किंवा अधिक नावांच्या यादीत ‘अँड’पूर्वी स्वल्पविराम देण्याचा परिपाठ या छापखान्याने चालविला, म्हणूनच पुढे त्या खुणेला ‘ऑक्सफर्ड कॉमा’ हे नाव पडले. नाव मात्र बरेच उशिरा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ साली आपली नियमावली प्रसिद्ध केली, आणि कॉर्नेलचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी लेखनावरचे चिमुकले पुस्तक छापले. दोन्हीकडे कौल शेवटच्या स्वल्पविरामाच्याच बाजूने पडला. वृत्तपत्रांनी मात्र वेगळी वाट धरली. अरुंद स्तंभ, घाईचे काम आणि जागेची काटकसर यांमुळे जे गाळता येईल ते गाळावे, असे त्यांचे धोरण. अशा रीतीने ग्रंथांचे एक इंग्रजी आणि वृत्तपत्रांचे दुसरे इंग्रजी, असे दोन संप्रदाय झाले.

आता या भांडणातले मर्म पाहू. समजा, एका इंग्रजी पत्रात असे वाक्य आले : ‘आय मेट माय ब्रदर्स, अ लॉयर अँड अ डॉक्टर.’ लिहिणारा किती माणसांना भेटला? एक अर्थ असा की भाऊ भेटले, शिवाय एक वकील व एक डॉक्टर भेटले. दुसरा अर्थ असा की भाऊ दोनच, आणि त्यांतला एक वकील व दुसरा डॉक्टर. कारण इंग्रजीत स्वल्पविरामाला दोन नोकऱ्या आहेत. यादीतली नावे वेगळी करणे ही एक; आणि आधीच्या नावाचा खुलासा पुढे करणे ही दुसरी. ‘लॉयर’नंतर स्वल्पविराम टाका, म्हणजे दुसरा अर्थ दूर होतो आणि यादी उरते.

पण म्हणून ऑक्सफर्डचा नियम सर्वत्र तारून नेतो असे समजू नये. ‘ब्रदर्स’च्या ऐवजी ‘ब्रदर’ असे एकवचन घाला : ‘आय मेट माय ब्रदर, अ लॉयर, अँड अ डॉक्टर.’ आता शेवटचा स्वल्पविराम असूनही घोटाळा आहे, किंबहुना त्याच्यामुळेच आहे. दोन स्वल्पविरामांच्या कोंडीत सापडलेला वकील हा भावाचाच खुलासा वाटतो, आणि माणसे तीन की दोन हे कळत नाही. म्हणजे एका वाक्यात जी खूण दिवा होते तीच दुसऱ्यात धूर होते. यावर उपाय खुणेत नाही, रचनेत आहे. ‘एक वकील, एक डॉक्टर आणि माझा भाऊ’ असा क्रम फिरवला की स्वल्पविराम असो वा नसो, अर्थ एकच राहतो. जाणते लेखक नियमाचा हट्ट धरीत नाहीत. ते वाक्य फिरवतात.

मराठीत हा घोटाळा इतका का होत नाही? आपल्या भाषेत यादीला झाकण असते. ‘राम, लक्ष्मण व सीता हे तिघे वनात गेले’ असे आपण म्हणतो. ‘हे तिघे’ या शब्दांनी यादी संपते आणि मोजदादही होते. विभक्ती लावायची झाली तर ‘या तिघांना’, ‘यांचा’, ‘यांच्याकडे’ असे म्हणून साऱ्या रांगेला एकच प्रत्यय बांधता येतो. संस्कृतात तर द्वंद्व समास नावे एकत्र बांधून शेवटी एकच प्रत्यय देतो, आणि समास न केला तर प्रत्येक नावामागे ‘च’ लावण्याची सोय आहे. इंग्रजीत प्रत्यय झिजून गेले आणि शब्दांचा क्रम तेवढा उरला. जे काम आपल्याकडे सर्वनाम व प्रत्यय करतात ते तेथे एका आकड्यावर येऊन पडले. त्या आकड्याला इतके महत्त्व का, याचे उत्तर येथे आहे.

यादीतच दुसरी यादी असेल तर स्वल्पविराम अपुरा पडतो. अशा वेळी आल्डसचा अर्धविराम उपयोगी येतो. गावे आणि त्यांचे प्रांत एकत्र सांगायचे असतील तर गाव व प्रांत यांच्यात स्वल्पविराम, आणि एक जोडी संपली की अर्धविराम. याचे सर्वांत थोर उदाहरण दूर शोधावयास नको. डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या हातून सिद्ध झालेल्या आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या आपल्या संविधानाची इंग्रजी उद्देशिका पाहा. न्याय तीन प्रकारचा सांगितला, आणि ते प्रकार स्वल्पविरामाने वेगळे केले, मग अर्धविराम. स्वातंत्र्य पाच गोष्टींचे सांगितले, त्यांच्यामध्ये स्वल्पविराम. मग पुन्हा अर्धविराम, आणि पुढे समता. आतल्या याद्यांत ‘अँड’पूर्वी ऑक्सफर्डचा स्वल्पविराम दिलेला नाही, तरीही अर्थ लख्ख आहे. कारण मोठ्या भिंती अर्धविरामांनी उभ्या केल्यावर आतल्या पडद्यांवर फारसा भार उरत नाही. न्याय कोठे संपतो आणि स्वातंत्र्य कोठे सुरू होते, हे देशाच्या मूलभूत लेखात कोणालाही विचारावे लागत नाही.

सर्वच कायदे इतके सुदैवी नसतात. अमेरिकेच्या १८७० च्या जकात कायद्यात लागवडीसाठी आणलेल्या उष्ण प्रदेशांतील फळझाडांना जकात माफ होती. १८७२ च्या कायद्यात फळ आणि झाड या दोन इंग्रजी शब्दांमध्ये स्वल्पविराम पडला. लगेच एका वस्तूच्या दोन वस्तू झाल्या : फळे आणि झाडे. संत्री, लिंबे, केळी आणणारे व्यापारी म्हणू लागले की आमची फळे जकातमुक्त आहेत. आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्यांचे म्हणणे खोडता येईना. वसूल केलेली जकात परत करण्याची पाळी आली. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सरकारचे सुमारे २० लाख डॉलर गेले, आणि १८७४ साली कायदा दुरुस्त करावा लागला.

पैशाची हानी भरून निघते. १९१६ सालचा रॉजर केसमेंट यांचा खटला त्याहून गंभीर होता. या आयरिश देशभक्ताने महायुद्धात जर्मनीत जाऊन तेथील आयरिश युद्धकैद्यांची पलटण उभारण्याचा प्रयत्न केला. त्याच्यावर १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली आरोप ठेवला गेला. तो कायदा जुन्या नॉर्मन फ्रेंच भाषेत असून त्यात आजच्या अर्थाची विरामचिन्हे नव्हती. राजाच्या शत्रूंना राज्यात मिळणे, त्यांना राज्यात ‘किंवा अन्यत्र’ साहाय्य देणे, अशी त्याची शब्दयोजना. ‘किंवा अन्यत्र’ हे शेपूट केवळ शेवटच्या शब्दांना चिकटते, की संपूर्ण कलमाला? बचाव पक्ष म्हणाला, राज्याबाहेर केलेले कृत्य या कलमात येत नाही. न्यायाधीशांनी दुसरा अर्थ घेतला, आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात केसमेंट यांना फाशी झाली. स्वल्पविरामावर त्यांना फासावर चढविले, असे तेव्हापासून म्हटले जाते.

यादीच्या शेवटचे शेपूट कोणाचे, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला, आणि तोही महाराष्ट्रातील खटल्यात. विरामचिन्हे ही कायद्याचा अर्थ लावताना गौण बाब होय, असे या न्यायालयाने १९५२ साली म्हटले होते. त्यापूर्वी प्रिव्ही कौन्सिलचाही सूर तोच होता. परंतु १९७९ साली महंमद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात औषधांच्या कायद्यातील एक यादी पुढे आली. विक्रीसाठी तयार करणे, विकणे, साठा करणे किंवा विक्रीसाठी मांडणे, वाटणे, अशा क्रियांची ती यादी. इंग्रजी मजकुरात ‘साठा करणे’ या शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. न्यायालयाने म्हटले की म्हणूनच ‘साठा करणे’ व ‘मांडणे’ हे दोन्ही मिळून एक अखंड तुकडा होतो, आणि ‘विक्रीसाठी’ हे शब्द दोघांनाही लागू पडतात. सबब नुसते औषध जवळ बाळगणे हा त्या कलमाखाली गुन्हा नव्हे. ते विक्रीसाठी बाळगले होते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. नसलेल्या स्वल्पविरामाने येथे नागरिकाच्या स्वातंत्र्याची पाठराखण केली.

आणि अगदी अलीकडची गोष्ट अमेरिकेतील मेन राज्याची. तेथे जादा कामाला जादा मजुरी देण्याच्या कायद्यातून काही कामे वगळलेली होती. नाशवंत खाद्यपदार्थ डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, वाळवणे, बाजारात मांडणे, साठवणे आणि शेवटी, स्वल्पविरामावाचून, ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी करणे’. की ‘पाठवणीसाठी बांधणी करणे, किंवा वितरण करणे’? एका दुग्धालयाच्या गाडीवानांनी म्हटले की आम्ही बांधणी करीत नाही, फक्त वितरण करतो. तेव्हा आम्हाला वगळता येत नाही. मालकाचे म्हणणे असे की वितरण हे यादीतले स्वतंत्र काम आहे, आणि राज्याच्या कायदेलेखनाच्या नियमांतच शेवटचा स्वल्पविराम देऊ नये असे सांगितले आहे. खालच्या कोर्टाने मालकाचे ऐकले. मार्च २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ठरवले की मजकूर खरोखर दुटप्पी आहे. आणि मजुरीचा कायदा मजुरांच्या हितासाठी असल्याने शंकेचा फायदा गाडीवानांना मिळाला पाहिजे. २०१८ साली ५० लाख डॉलर देऊन मालकाने तडजोड केली. विधिमंडळाने मग काय केले? शेवटचा स्वल्पविराम घातला नाही. साऱ्या यादीत स्वल्पविराम काढून अर्धविराम घातले, आणि ‘वितरण’ या शब्दाला इतर शब्दांसारखेच रूप दिले. म्हणजे भांडणाचे दोन्ही पक्ष बाजूला सारून व्हेनिसच्या आल्डसचा आश्रय केला.

या सर्व हकिकती वाचताना आपल्या दप्तरांतील जुन्या कारकुनांची आठवण होते. मोडीत स्वल्पविराम नव्हता, शब्दांत अंतरही नव्हते. तरी जमाखर्च चालले, तहनामे झाले, वतनांचे निवाडे झाले. यादी आली की कारकून ‘बितपशील’ असे लिहून एकाखाली एक कलमे मांडी, प्रत्येकापुढे रक्कम घाली आणि खाली एकूण करी. खुणेचे काम त्याने मांडणीकडून आणि बेरजेकडून करून घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे मराठी छापील गद्यात आली, आणि त्या कामी मेजर थॉमस कँडी यांचे नाव घेतले जाते. छापील ओळ सलग वाहू लागल्यावर आपल्यालाही या खुणांची गरज भासली. आजचा कायदा लिहिणारा आपली यादी (क), (ख), (ग) अशी तोडून एकाखाली एक मांडतो, तेव्हा तो नकळत त्या दप्तरदाराच्याच वाटेने जातो.

या इतिहासातून व्यवहाराचा बोध काढायचा तर तो थोडक्यात असा. इंग्रजीत यादी लिहिताना ऑक्सफर्डची रीत पाळा अगर वृत्तपत्रांची पाळा. पण एका लेखात एकच पाळा. यादीत यादी असेल तर अर्धविराम घ्या. शेपूट सर्वांना लागू असेल तर ते प्रत्येकाला जोडून लिहा, नसेल तर ज्याचे आहे त्याच्याजवळ ठेवा. शब्दांची रूपे सारखी ठेवा. शंका उरली तर क्रम फिरवा. तरीही उरली तर एकाखाली एक लिहा आणि मोजून सांगा.

श्वास घेण्यासाठी जन्मलेली ही खूण दोन हजार वर्षांत न्याय देण्याच्या कामी आली. तिच्यामागचा विचार मात्र सरळ आहे. लिहिणाऱ्याला आपल्या मनातला अर्थ ठाऊक असतो. वाचणाऱ्यापाशी फक्त कागद असतो. तो वाचणारा कधी न्यायाधीश असतो, कधी आरोपी, आणि कधी आठवड्याच्या मजुरीची वाट पाहणारा गाडीवान. त्याला आपल्याला बोलावून विचारता येत नाही. आपण हजर नसताना आपल्या शब्दांनी दुसरेच काही बोलू नये, एवढी काळजी घेणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. आणि स्वल्पविराम हा त्या कर्तव्याचा सर्वांत लहान भाग होय.